वाचक विचारतात : आई-बाबा, मुलं, तंबू आणि यलोस्टोन

मागच्या अंकात उन्हाळ्याच्या ट्रिपबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं आणि ईमेलचा ढीगच आला, त्यातले अर्ध्याहून जास्त अमेरिकेतल्या नॅशनल पार्कमध्ये फॅमिली घेऊन कॅम्पिंग करण्याबद्दल होते. आम्ही गेली चौदा वर्षं सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो आणि जवळजवळ दर उन्हाळ्यात ग्रँड टीटन आणि यलोस्टोनला तंबू घेऊन जातो, कधी मुलांबरोबर, कधी सासूबाईंना घेऊन, म्हणून आज तिथल्याच प्रश्नांना उत्तरं देतेय, जे स्वतः केलंय तेवढंच सांगता येतं.

प्रश्न : ताई, आम्ही फ्रीमाँटला राहतो. जूनअखेर सासू-सासरे साताऱ्याहून येतायत, मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत. १० दिवसांची सुट्टी आहे त्यात झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड टीटन, यलोस्टोन आणि जमलं तर ग्लेशियर, सगळं गाडीनं आणि सगळीकडे तंबूत राहायचं असं मिस्टरांनी एक्सेलमध्ये बसवलंय. जमेल ना?

नाही जमणार, आणि जमवलंत तरी कोणालाच मजा येणार नाही, हे आत्ताच सांगते म्हणजे एक्सेल बदलायला वेळ आहे. नुसतं आर्चेसजवळचं मोआब ते टीटनजवळचं जॅक्सन हेच एका दिवसात आठेक तासांचं ड्रायव्हिंग आहे, त्यात सहा वर्षांचं मूल आणि सासऱ्यांचे थांबे धरले की दिवस संपला, मग अंधारात तंबू लावायचा, सकाळी दव पडलेला ओला तंबू तसाच गुंडाळायचा आणि परत गाडीत बसायचं. आपल्याकडे दीड दिवसात अष्टविनायक करतात ना तसं होतं ते, प्रत्येक ठिकाणी पार्किंगमध्ये उतरायचं, दर्शन, फोटो, चला. देवळात ते एक वेळ ठीक आहे, पण पार्क काही गाभाऱ्यात बसलेलं नसतं, त्याच्यात राहावं लागतं तेव्हा ते दिसतं.

माझं ऐका आणि यावेळी दोनच पार्क करा, ग्रँड टीटन आणि यलोस्टोन, दोन्ही एकमेकांना लागून आहेत. पहिल्या दिवशी घरून निघून वाटेत नेवाडातल्या एल्कोला मोटेलमध्ये झोपा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टीटनला पोचाल. तीन रात्री कोल्टर बे कॅम्पग्राउंडला, नंतरच्या चार रात्री यलोस्टोनमध्ये एकाच ठिकाणी, मॅडिसन किंवा कॅन्यन, मग परतीला पुन्हा एक रात्र मोटेल. म्हणजे तंबू फक्त दोनदा लावायचा आणि दोनदा काढायचा.

यलोस्टोनच्या आतला मुख्य रस्ता आठच्या आकड्यासारखा आहे, १४२ मैलांचा, आकडा ऐकून लोक म्हणतात एका दिवसात होईल. स्पीड लिमिट जास्तीत जास्त ताशी ४५ मैल आणि मध्येच एखादा बायसन, आपल्या गव्यासारखा अवाढव्य, रस्त्याच्या पिवळ्या पट्टीवरून सावकाश चालत येतो, त्याच्या मागे पन्नास गाड्या, आणि हॉर्न वाजवायचा नाही काय नाही, त्याचं घर आहे, तो बाजूला होईल तेव्हा होईल. एका दिवशी वरचं वर्तुळ, एका दिवशी खालचं, आणि उरलेले दिवस मोकळे ठेवा.

पहाटे सव्वापाचला उठून साडेपाचला गाडीत बसा, मुलं ब्लँकेटसकट उचलून, थर्मासमध्ये चहा, आणि सरळ हेडन व्हॅली. नदीवर धुकं असतं आणि धुक्यातून आधी नुसता फुरफुरण्याचा आवाज येतो, मग एकेक काळी पाठ दिसायला लागते, शंभर-दीडशे बायसन, लालसर पिल्लं आईला चिकटून. आम्ही तिथे गाडी कडेला लावून दीड तास बसलोय, आमचा मुलगा जो घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही तो दुर्बीण डोळ्याला लावून गप्प बसलेला. दहापर्यंत कॅम्पवर परत या, जेवा, झोपा, कारण दहा ते चार सगळी पार्किंग भरलेली असतात. पाचनंतर ओल्ड फेथफुलला जा, जमिनीतून उडणारं गरम पाण्याचं कारंजं आहे ते, साधारण दीड तासाने एकदा उडतं, पुढची वेळ तिथल्या व्हिजिटर सेंटरमध्ये लिहिलेली असते, समोर बाकं आहेत आणि वाट सपाट आहे, सासऱ्यांना काही त्रास नाही.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. गरम पाण्याच्या कुंडांजवळ लाकडी फळ्यांची वाट आहे तिच्यावरून मुलांनी एक पाऊलही खाली टाकायचं नाही, वरून घट्ट दिसणारी जमीन पापडासारखी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. यलोस्टोनमध्ये अस्वलांपेक्षा ह्या पाण्याने जास्त माणसं गेलीत. सहा वर्षांच्या मुलाचा हात सोडू नका, फोटोसाठीसुद्धा.

प्रश्न : कॅम्पग्राउंड सगळी फुल दाखवतायत. काही मार्ग आहे का? (ऑस्टिन)

आहे. टीटनची कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह ह्या सरकारी वेबसाईटवर सहा महिने आधी उघडतात आणि त्याच सकाळी संपतात, यलोस्टोनमधली मोठी पाच (मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे, फिशिंग ब्रिज) वेगळ्या साईटवर बुक होतात आणि ती तर वर्षभर आधीच उघडतात. पण लोक कॅन्सल खूप करतात, विशेषतः तारीख आठ-दहा दिवसांवर आली की. रोज सकाळी चहा घेताना आणि रात्री झोपताना एकदा बघायची सवय लावा, आम्हाला जुलैमधला मॅडिसनचा वीकेंड असाच मिळालाय. फिशिंग ब्रिजला मात्र तंबू चालत नाही, ग्रिझली अस्वलांचा भाग आहे म्हणून तिथे फक्त पक्क्या भिंतीच्या आरव्ही (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या), घाईघाईत तेच बुक करून बसू नका. आणि पार्कच्या हद्दीबाहेर नॅशनल फॉरेस्टची कॅम्पग्राउंड आहेत, साधी असतात, बऱ्याच ठिकाणी नळ नाही की फ्लश नाही, पण शांत आणि स्वस्त.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सासूबाईंना रोज पोळी-भाजी लागते. तिथे काय करायचं जेवणाचं? आणि फोडणीच्या वासाने अस्वल येतं म्हणतात ते खरं का? (सिअ‍ॅटल)

हा माझा आवडता प्रश्न. आधी जेवणाचं सांगते मग अस्वलाचं.

पहिले दोन दिवस घरच्या पोळ्या, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, वरून कोरडी शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि दही असलं की कोणी काही मागत नाही. तिसऱ्या दिवसापासून थालीपीठ. भाजणी घरून न्या, कांदा-कोथिंबीर तिथे चिरा, बीडाचा तवा दोन शेगड्यांच्या कॅम्प स्टोव्हवर मस्त तापतो. पिठलं हे तर कॅम्पिंगसाठीच जन्माला आलंय असं मला वाटतं, दहा मिनिटांत होतं, एकच भांडं लागतं आणि थंडीत गरम पिठलं-भात खाल्ला की अंगात जीव येतो. कुळथाचं मिळालं तर फारच छान. उपम्याचा रवा आणि पोह्यांसाठी फोडणी घरूनच करून नेते, सकाळी नुसतं गरम पाणी ओतायचं काम.

वरणाचं एक लक्षात ठेवा. तिथली कॅम्पग्राउंड सात-आठ हजार फुटांवर आहेत, एवढ्या उंचीवर पाणी ९२-९३ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी टणकच राहते, पहिल्या वर्षी माझा अर्धा सिलेंडर त्याच्यातच गेला. छोटा तीन लिटरचा कुकर न्या, किंवा सरळ मुगाची खिचडी करा. विमानाने येणार असाल तर गॅसचे सिलेंडर विमानात चालत नाहीत, कार्गोत टाकायच्या बॅगेतही नाही, उतरल्यावर घ्या.

आता अस्वल. वास हाच मुद्दा आहे, फोडणीचा असो की बार्बेक्यूचा, अस्वलाला दोन्ही सारखंच. कुठल्या वासाला घाबरायचं हा प्रश्न नाही, वासाची वस्तू बाहेर राहता कामा नये एवढंच. बहुतेक कॅम्पसाईटवर, म्हणजे तंबू लावायच्या जागेवर, लोखंडी पेटी असते, तिला बेअर बॉक्स म्हणतात, नसेल तर काचा बंद करून लॉक केलेली गाडी चालते (हे यलोस्टोनचं, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कमध्ये रात्री गाडीतसुद्धा खाणं ठेवायला मनाई आहे). आणि आपल्या घरातल्या माणसांना हे समजावून सांगावं लागतं की फक्त जेवण नाही, टूथपेस्ट, साबण, भांडी घासायची घासणी, कुत्र्याचं खाणं, उदबत्ती, आणि हो, खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा त्याच पेटीत. सासूबाईंच्या उशाशी खडीसाखर आणि सुंठवड्याची डबी असायची, ती मला पहिल्या रात्री साडेनऊला सापडली आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी त्यांच्यासमोरच स्वच्छ रुमालात बांधून पेटीत ठेवली, दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की त्याच सगळ्यांना विचारायला लागल्या, खिशात काही आहे का रे पोरांनो.

स्वयंपाक उजेडात उरका, भांडी लगेच घासा, घासलेलं पाणी झाडात ओतू नका, बाथरूमशेजारी त्यासाठी सिंक असतं तिथे ओता. दिवसा टेबल सोडून पाच मिनिटं जरी गेलात तरी सगळं आत टाका, कारण तिथला रॅव्हन, आपल्या डोमकावळ्यासारखा पण अंगाने मोठा, बॅगेची चेन चोचीने उघडतो. आमच्या डोळ्यांदेखत बेसनाचे लाडू गेलेत.

हे सगळं आपल्या जिवासाठी आहेच, पण त्याहून अस्वलाच्या जिवासाठी आहे. माणसाच्या खाण्याची एकदा चटक लागली की ते परत परत कॅम्पग्राउंडमध्ये येतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. आपल्या एका चिवड्याच्या पिशवीपायी असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून ह्या बाबतीत मी घरात कोणाचं ऐकत नाही.

ट्रेलवर चालायला गेलात तर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर फवारायचा तिखट स्प्रे, पट्ट्याला अडकवा, सॅकच्या तळाशी नको, आणि बोलत, गात चला. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, म्हणजे नव्वदेक मीटर, बायसन आणि एल्क जातीच्या हरणापासून २५ यार्ड, हा नियम आहे. बायसन सुस्त दिसतो पण माणसाच्या तिप्पट वेगाने पळतो.

प्रश्न : तंबू की आरव्ही? वडिलांचे गुडघे गेलेत, आईला शुगर आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

आरव्ही भाड्याने महाग पडते आणि पहिल्यांदाच चालवणाऱ्याला घाटात आणि पार्किंगमध्ये घाम फुटतो, त्यापेक्षा तिसरा मार्ग सांगते. कोल्टर बेला केबिन आहेत, आणि अर्धी लाकडाची अर्धी कॅनव्हासची अशी टेंट केबिनही आहेत, त्यात बंक असतात, तुम्ही मुलांबरोबर तंबूत आणि आई-बाबा केबिनमध्ये असं करता येतं. तिथे शॉवर आहेत, कपडे धुवायची सोय आहे. यलोस्टोनमध्ये शॉवर कॅन्यन आणि ग्रँटला आहेत, मॅडिसनला नाहीत, तिथे फ्लशचे संडास आहेत फक्त.

तंबूतच राहायचं म्हणत असतील तर ज्यात उभं राहता येतं असा उंच तंबू घ्या आणि वडिलांसाठी घडीची खाट, म्हणजे कॉट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर झोपणं एक वेळ जमतं, रात्री दोनला जमिनीवरून उठणं जमत नाही. साईट निवडताना नकाशा बघून बाथरूमपासून चाळीस-पन्नास पावलांवरची घ्या, अगदी शेजारची नको, रात्रभर दार आपटतं आणि दिव्याचा उजेड तोंडावर येतो. प्रत्येकाला स्वतःचा डोक्याला लावायचा टॉर्च, फोनचा टॉर्च नको.

आईंच्या इन्शुलिनचं नीट बघा. दिवसा कूलरमध्ये पण बर्फाला टेकू द्यायचं नाही, आणि रात्री गारठा असेल तर पाऊचमध्ये घालून झोपायच्या बॅगेत अंगाजवळ, कारण एकदा गोठलेलं इन्शुलिन वापरता येत नाही. हार्टचं किंवा श्वासाचं दुखणं असेल तर एवढ्या उंचीवर जायच्या आधी डॉक्टरांना विचारा, पहिल्या दिवशी फार चालवू नका आणि पाणी पीत राहायला सांगा.

प्रश्न : पासचं काय? दोन पार्कचे वेगळे पैसे पडतात का? (फिनिक्स)

वेगळे पडतात, गाडीमागे ३५ आणि ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. वर्षाचा पास ८० डॉलरला आहे, तो घेतलेला बरा, सगळ्या नॅशनल पार्कना चालतो. मूल चौथीत असेल तर त्याच्या नावाने फुकट पास मिळतो, त्यात अख्खी गाडी जाते. ६२ वर्षांवरच्यांचा सिनियर पास मात्र इथल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचे दर वेगळे केलेत, त्यांचा वर्षाचा पास २५० डॉलर आहे, तेव्हा भारतातून आलेले आई-बाबा गाडीत असतील तर निघायच्या आधी पार्कच्या वेबसाईटवर तो भाग वाचून घ्या, गेटवर वाद नको.

प्रश्न : आम्ही नागपूरचे, ताडोबाला दरवर्षी जातो. यावेळी मुलीकडे डेन्व्हरला येतोय आणि ती यलोस्टोनला नेणार आहे. तिथे जिप्सी आणि गाईड आधी बुक करावा लागतो का?

नाही लागत, आणि तुम्हाला पहिल्या दिवशी जरा चुकल्यासारखं वाटेल. गेट उघडायची वाट बघणं नाही, सफारीची वेळ नाही, स्वतःची गाडी, कडेला जागा असेल तिथे थांबा, उतरा, चाला, जंगलातल्याच कॅम्पग्राउंडमध्ये तंबू ठोकून झोपा. ताडोबात आपण गाडीतून खाली पाय टाकत नाही आणि ते बरोबरच आहे, बफर धरून १७०० चौरस किलोमीटरच्या वर जागा आणि त्यात वाघ आणि भोवती गावं. यलोस्टोन नऊ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, १८७२ पासून नॅशनल पार्क आहे, जगातलं पहिलं. पण जिप्सी नाही म्हणजे वचक ठेवणारा गाईडही नाही, अंतर स्वतःच पाळायचं. तुमचा ताडोबाचा संयम इथे फार कामाला येईल, लमार व्हॅलीत पहाटे रस्त्याकडेला मोठ्या स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरच्या लांब पल्ल्याच्या दुर्बिणी, लावून बसलेले लोक दिसतील, त्यांच्याजवळ जाऊन नुसतं विचारा काय दिसतंय, हौसेने स्कोप पुढे करतात. मी माझा पहिला लांडगा अशाच एका आजोबांच्या स्कोपमधून पाहिला. दुर्बीण नक्की घेऊन या.

प्रश्न : नेटवर्क नसतं म्हणे, मग मुलं काय करतील दिवसभर? (डॅलस)

ज्युनिअर रेंजरची पुस्तिका व्हिजिटर सेंटरवर घ्या. मुलं ती भरतात, रेंजर तपासतो, हात वर करून शपथ घ्यायला लावतो आणि बॅज देतो. आमच्या मुलीचा बॅज अजून तिच्या दप्तराला आहे. नकाशे आधीच डाउनलोड करा. बाकी पत्त्यांचा कॅट घ्या, बदामसात शिकवा, नदीकाठी दगड द्या, होतं सगळं.

प्रश्न : मी ६८ वर्षांची आहे, साताऱ्याची. मुलगा-सून तंबूत राहायला नेणार म्हणतात. नाही म्हणायचं जिवावर येतं, पण मला खरं सांग, मला झोप लागेल का? थंडी किती असते?

काकू, तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला.

थंडी असते. दुपारी पंचवीस डिग्री, तुम्ही म्हणाल महाबळेश्वरच आहे, आणि रात्री शून्यापर्यंत उतरते, जुलैतसुद्धा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दुकानात उन्हाळ्याला पुरतील म्हणून पातळ स्लीपिंग बॅग दिल्या आणि पहाटे तीनला मी आणि नवरा मुलीला मध्ये घेऊन कुडकुडत बसलो होतो. म्हणून सुनेला सांगा, २० फॅरनहाइट लिहिलेली बॅग हवी आणि तिच्याखाली जाड पॅड, गारठा वरून कमी आणि जमिनीतून जास्त येतो. तुम्ही तुमची लोकरीची कानटोपी, पायमोज्यांचे दोन जोड आणि शाल आणा. झोपायच्या आधी कपडे बदला, दिवसभराच्या घामाचे कपडे अंगात थंड पडतात.

पहिल्या रात्री झोप लागायला वेळ लागेल. प्रत्येक खुसपूस मोठी वाटते, ती बहुतेक खार असते. आमच्या सासूबाई तुमच्याच वयाच्या, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॅडिसनला होत्या आमच्याबरोबर, रात्री उठून मला हलवलं, अगं बाहेर कोणीतरी शिट्टी मारतंय. एल्क होता, सांबरासारखा पण त्याहून मोठा, त्या दिवसांत नर असे ओरडतात, आधी खोल घुमतो आवाज आणि मग चढत चढत शिट्टीसारखा बारीक होतो. आम्ही दोघी शाली घेऊन तंबूच्या दारात बसलो, नदीपलीकडून एक ओरडायचा आणि अलीकडून दुसरा. वर आकाशगंगा एवढी स्वच्छ होती की त्या म्हणाल्या, लहानपणी कोरेगावला अंगणात झोपायचो तेव्हा असं दिसायचं, नंतर कुठे गेलं होतं कोणास ठाऊक. बाथरूमला जायला उठलो होतो ते तासभर तिथेच.

आणि एक युक्ती. रात्री झोपताना जाड प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, थर्मास नको, त्यातून ऊब बाहेर येत नाही. झाकण घट्ट लावा, बाटली मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा. सकाळी त्यातलं पाणी कोमट असतं, नळाचं बर्फासारखं असतं, तेव्हा त्याच पाण्याने तोंड धुवा.